नोकरीची पडताळणी, मागची दारू आणि मागचं कर्ज

विमानतळावर सामान चढवण्याचं काम, सिक्युरिटी गार्डची नोकरी, पोलीस भरती, बँकेतली क्लार्कची जागा. या सगळीकडे रुजू होण्याआधी मागचं आयुष्य तपासलं जातं. मग ज्याने कधी दारूत दिवस घालवले, हप्ते थकवले, त्याच्या घरात धाकधूक सुरू होते. या धास्तीने काही जण उपचारालाच जात नाहीत. ‘नाव लागलं तर नोकरी जाईल’ असं घरचेच सांगतात.

हे खरं नाही. उपचार घेणं हा गुन्हा नाही. चारित्र्य पडताळणीत पोलीस त्यांच्याकडच्या नोंदी बघतात: अटक, गुन्हा, खटला, शिक्षा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये दारूच्या व्यसनाने होणारे आजारही येतात. त्यातल्या कलम 23 नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते, मोजके अपवाद सोडून. डिस्चार्ज कार्ड आणि फॉलोअपचे कागद फाडू नका. मेडिकलच्या वेळी कुणी विचारलंच, तर ‘इतके महिने दारू बंद आहे’ हे तोंडाने सांगण्यापेक्षा डॉक्टरांचा कागद जास्त बोलतो.

दुसरी गोष्ट जिवावर बेतू शकते. मेडिकलची तारीख आली की रोज पिणारा माणूस एकदम बाटली सोडतो. बऱ्याच वर्षांची, रोजची, भरपूर दारू अचानक थांबली की काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भास होणं, माणूस न ओळखणं, ताप, हे सुरू झालं तर तातडीने दवाखान्यात न्यायला हवं. लोक याला ‘बाहेरचं’ समजून अंगारा लावतात आणि वेळ जातो. अशा माणसाने सरकारी रुग्णालयात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी. शिवाय लिव्हरच्या तपासणीतले वाढलेले आकडे खाली यायला काही आठवडे लागतात, चार दिवसांच्या उपासाने ते उतरत नाहीत.

आता केसचं. दारू पिऊन गाडी चालवताना 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली गुन्हा होतो. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला की मुलं म्हणतात, ‘मिटलं’. मिटत नाही, ती शिक्षाच धरली जाते. खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्यात कोर्टाने दोषी ठरवलेल्याला गार्ड म्हणून ठेवायला मनाई आहे. म्हणून कबुली देण्याआधी वकिलाला भेटा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कुठल्याही महिलेला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन 15100.

फॉर्ममध्ये ‘कधी अटक, खटला, दंड झाला का?’ असा रकाना असतो. तिथे खरंच लिहा. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात यावर सविस्तर निकाल दिला. खरं लिहिलं तरी नेमायचं की नाही हे मालकाच्या हाती राहतं, हेही त्यात आहे. पण प्रकरण किती गंभीर, पद कुठलं, हे बघून त्याने विचार करायचा असतो. खोटं लिहून पकडलं गेलं, तर लपवणं हेच नोकरी जायला कारण पुरतं.

कर्जाची गोष्ट वेगळी. नुसती थकबाकी हा गुन्हा नाही, पण चेक बाउन्सची केस पोलीस ठाण्यात नाही तर कोर्टात असते, आणि खटल्याच्या रकान्यात ती लिहावीच लागते. ती आपसात मिटवता येते, लोक अदालतीतही. बँकेच्या भरतीत मात्र थकबाकीदारांबद्दल अट असते. मायक्रोफायनान्सच्या गटाचं कर्जही क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं, जामीनदार राहिलात तर तेही. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, अर्ज भरण्याआधी काढून बघा. ‘सेटल्ड’ म्हणजे पूर्ण फेड नव्हे, पूर्ण फेडलं की ‘क्लोज्ड’ लिहिलं जातं. शेवटचा हप्ता भरला की बँकेकडून नो-ड्यूज पत्र घ्या आणि दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा तपासा.

दारू सोडण्यासाठी राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन 14446. कर्जाच्या तगाद्याने मन खचलं असेल, झोप लागत नसेल, तर टेली-मानस 14416. दोन्ही फोन मोफत आहेत.