चाकाखाली लिंबू, चाकात लोखंड

दसऱ्याला बोलेरो धुतली, बोनेटला झेंडूची माळ बांधली, घरच्यांनी ओवाळलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवून मीच ती चिरडली. आठवडाभराने सोयाबीनचे कट्टे घेऊन मंगरूळपीरच्या बाजार समितीकडे निघालो, तर पुढच्या डाव्या चाकातून पत्र्यावर करवत चालवावी तसा आवाज. पॅडचं लायनिंग संपून मागची लोखंडी पट्टी डिस्क खरवडत होती. लिंबू चाकाखाली ठेवलं, चाकाच्या आत काही पाहिलं नाही.

तेव्हापासून पुढचे ब्रेक पॅड मी घरीच बदलतो. हौस म्हणून नाही. सोयाबीनच्या हंगामात गाडी दोन दिवस गॅरेजला उभी ठेवणं परवडत नाही, आणि काम खरंच तासा-दोन तासांचं आहे. अंगलट येतं ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं.

१. बाहेरचा पॅड पाहून निश्चिंत होऊ नका. मी दसऱ्याआधी रिमच्या फटीतून डोकावलो होतो. सहा-सात मिलिमीटर लायनिंग दिसलं, म्हटलं अजून वर्ष निघेल. पण दिसतो तो बाहेरचा. पिस्टन असतो आतल्या बाजूला. तो आधी आतला पॅड डिस्कवर दाबतो, मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, सगळा भार आतल्यावर. आमच्या पांदणीतला पावसाळ्यातला चिखल तुम्हाला माहीतच आहे. चपलेला चिकटला तर चप्पल ठेवून घेतो. तोच पिनांच्या फाटक्या रबरी बुटांतून आत गेला आणि दसऱ्यापर्यंत वाळून सिमेंट झाला. उघडलं तेव्हा आतला पॅड नुसतं लोखंड, बाहेरचा जवळपास तसाच. आता चाक उघडलं की पॅडच्या आधी मी पिनांना हात लावतो. बोटाने सरकल्या पाहिजेत. बूट फाटला असेल तर नवा घालायचा, किरकोळ वस्तू आहे. आणि चारांपैकी एकाही पॅडचं लायनिंग तीन मिलिमीटरच्या खाली गेलं, तर दोन्ही चाकांचे चारही बदलायचे. एकाच बाजूला नवे टाकले तर ब्रेक मारल्यावर गाडी एका अंगाला ओढते.

२. काळ्या मातीवर जॅक लावू नका. हे मी लावून शिकलो. अंगणातली जमीन वरून वाळलेली दिसत होती, आत ओल होती. चाक काढलं, पाना आणायला उठलो, आणि जॅक हळूहळू तिरका होत जमिनीत शिरायला लागला. आवाजसुद्धा नाही. काढलेलं चाक सवयीने चेसीखाली सरकवून ठेवलं होतं, त्यावर गाडी टेकली. माझा हात तिथे असता तर हा मजकूर डाव्या हाताने लिहावा लागला असता.

शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, “काहून रे बाप्पा, गाडी पेरून राह्यला का?”

तेव्हापासून काम फरशीवरच. जॅकखाली बाभळीची जाड फळी, चेसीखाली लोखंडी घोडी, शिवाय काढलेलं चाक आडवं. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. चाकाचे नट मात्र गाडी उचलायच्या आधीच अर्धा आटा ढिले करून घ्यायचे. नाहीतर जॅकवरची गाडी पान्याच्या झटक्याने हलते.

३. एका वेळी एकच बाजू उघडा. कुठली क्लिप कशी बसली होती हे विसरलं की दुसऱ्या चाकात पाहता येतं. मोबाईलवर फोटो काढा, पण हाताला ग्रीस लागायच्या आधी.

४. काढलेला कॅलिपर पाइपवर लोंबकळत सोडू नका. आत तुटलेला ब्रेक पाइप बाहेरून शहाणा दिसतो. बांधकामाची तार घ्या आणि कॅलिपर वर टांगून ठेवा.

५. पिस्टन मागे ढकलण्याआधी बोनेट उघडा. नवे पॅड जाड, त्यांना जागा हवी, म्हणून शिकंजा लावून पिस्टन आत सरकवावा लागतो. मी जुना पॅड मध्ये धरतो, म्हणजे दाब सारखा पडतो. पिस्टन मागे गेला की पाइपातलं ब्रेक ऑइल बोनेटखालच्या डब्यात वर चढतं. मी दोन महिन्यांपूर्वी डबा काठोकाठ भरला होता, तो उतू गेला. ब्रेक ऑइल रंग खातं. लगेच पाणी मारलं म्हणून बोनेटच्या आतला थोडाच पट्टा गेला. पॅड झिजतात तशी डब्यातली पातळी आपोआप खाली जाते. गळती नसेल आणि पातळी खालच्या खुणेच्या वर असेल तर ती मध्ये मध्ये भरत बसू नये, पॅडकडे पाहावं.

ऑइलचं आणखी एक. ते हवेतली ओल पितं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओल शिरलेल्याचा १५५पर्यंत उतरू शकतो. उतारावर ब्रेक तापला आणि ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी मी ते बदलून घेतो, आणि गेल्या वर्षी उघडलेली अर्धी बाटली गाडीत ओतत नाही.

६. घरातलं बैलगाडीचं ग्रीस पिनांना लावू नका. त्याने रबर फुगतं आणि महिन्याभरात पिना पुन्हा जाम. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस वेगळं मिळतं. पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला कसलंच ग्रीस लागता कामा नये. लागलंच तर पॅड फेकून द्या, घासून पुसून उपयोग नाही.

७. धूळ फुंकू नका, हवेनेही मारू नका. जुन्या पॅडांत आणि लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने काय बसवलं होतं हे कोणी सांगावं? ओलं फडकं घ्या, तोंडाला रुमाल बांधा. डिस्कच्या कडेला तिची किमान जाडी कोरलेली असते, तीही बघा. माझ्या डिस्कवर नांगराने काढल्यासारखी तासं पडली होती. पॅडच्या दुर्लक्षापायी डिस्कचा खर्च केला. याला कोणतीही सबब नाही.

८. गाडी सुरू करण्याआधी ब्रेक मारा. सगळ्या क्रमांकांत एकच लक्षात ठेवायचा असेल तर हा. पहिल्यांदा सगळं नीट बसवलं, नट एकाआड एक आवळले, हत्यारं पुसून ठेवली, आणि ऐटीत गाडी रिव्हर्स घेतली. ब्रेक दाबला तर पेडल सरळ तळाला. काहीच नाही! गाडी थांबली ती कडब्याच्या गंजीत. कारण साधं आहे. मागे ढकललेला पिस्टन अजून पॅडपासून लांब असतो, पहिले काही दाब फक्त ती जागा भरण्यात जातात. म्हणून इंजिन बंद असताना पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं, ऑइलची पातळी पाहायची, मगच चावी. इतकं करूनही पेडल स्पंजासारखं लागलं तर पाइपात हवा आहे. ती काढल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही. एबीएसवाल्या नव्या गाडीत हवा काढण्याचं काम जाणत्याकडे द्यावं.

काका पुन्हा कुंपणावर होतेच. “मंग? ब्रेक कडब्याले लावले का?”

९. नवे पॅड लगेच समृद्धीवर नेऊ नका. २०२२च्या डिसेंबरात हा महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि आमच्या तालुक्यात शेलूबाजारला त्यावर चढता येऊ लागलं. एकच गाडी सकाळी पांदणीत पंधराच्या वेगाने लोळते आणि दुपारी शंभरावर जाते. वेग दुप्पट झाला की थांबवण्याची ऊर्जा चौपट लागते, आणि ती मुख्यतः पुढच्या चाकांत उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून आधी मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने पंधरा-वीस वेळा हळुवार ब्रेक मारायचे, मध्ये थंड होऊ द्यायचं. मग चाकाचे नट पुन्हा एकदा आवळायचे.

१०. मागचे ड्रम मी उघडत नाही. आतल्या स्प्रिंगा उडतात आणि माझा संयमही. आमच्याकडच्या जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम होते. नाल्यातून निघालं की वडील थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवायचे, लायनर वाळेपर्यंत. ती सवय मला लागली आहे आणि मागच्या ड्रमसाठी आजही कामाची आहे.

यंदा दसऱ्याला गाडी धुवाल तेव्हा ओवाळणीच्या आधी पुढचं एक चाक उतरवा आणि आतला पॅड पाहा. लिंबं नंतर ठेवा.