घर रिकामे करून घेताना नोटीस कशी द्यावी

भाडेकरूने घर सोडावे असे ठरले की अनेक घरमालक फोनवर सांगून मोकळे होतात, आणि महिन्यानंतर तो जागचा हलला नाही की चिडून वकिलाचा दरवाजा ठोठावतात. या दोन टोकांच्या मध्ये एक साधे, सभ्य आणि कायद्यात बसणारे पाऊल आहे: नीट लिहिलेली, वेळेत पोहोचलेली नोटीस. ती लिहायला बसण्याआधी कपाटातला करार बाहेर काढा आणि शांतपणे वाचा. आपला हक्क किती आणि मुदत किती, हे त्या कागदावरूनच ठरते.

आधी करार कशाचा आहे ते पाहा. पुण्या-मुंबईत हल्ली राहती घरे बहुतेक ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिली जातात. हा लेख अशाच घरांसाठी आहे. पागडीचे घर असेल किंवा वर्षानुवर्षे भाडेपावतीवर राहणारे कुटुंब असेल, तर नुसत्या नोटिशीने ताबा मिळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अशा भाडेकरूला भक्कम संरक्षण देतो. कलम १६ मध्ये दिलेले एखादे कारण कोर्टात सिद्ध करावे लागते. भाडे थकले म्हणून दावा लावायचा, तरी कलम १५ प्रमाणे लेखी मागणीची नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. तिथे पहिल्या दिवसापासून वकीलच हवा.

दुसरी गोष्ट नोंदणीची. करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी कलम ५५ ने घरमालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. हजार-दोन हजार वाचवण्यासाठी नोंदणी टाळणारा मालक पुढे ताब्याच्या वेळी हतबल होतो. हे आधीच ध्यानात घेतलेले बरे.

आता मुदतीचा प्रश्न. कराराची मुदत संपतच आली असेल तर काम सोपे आहे. मुदत संपली की लायसन्स संपते आणि घर परत द्यायचे असते. करारात नोटिशीची अट नसेल तर वेगळी नोटीस देण्याची गरजही नाही. तरीही दोन महिने आधी पत्र द्या. समोरच्याला दुसरे घर शोधायचे असते, डिपॉझिट जमवायचे असते, गॅस आणि इंटरनेट हलवायचे असते. त्यांची मुले शाळेत असतील आणि करार फेब्रुवारीत संपत असेल, तर परीक्षा होईपर्यंत मुदत वाढवून देण्याचा विचार जरूर करा. माणुसकीने तेच योग्य आहे. मात्र ही वाढ तोंडी देऊ नका. दोन महिन्यांचा का होईना, नवा करार करून नोंदवा.

मुदतीच्या मध्येच घर हवे असेल तर करारातली दोन कलमे शोधा. लॉक-इनचा काळ किती आहे, आणि त्यानंतर किती दिवसांची नोटीस देऊन करार संपवता येतो? लॉक-इन चालू असताना मालकाचेही हात बांधलेले असतात. मध्येच करार संपवण्याची सोय करारातच नसेल तर नोटीस पाठवून उपयोग नाही. समोर बसून बोला आणि जे ठरेल ते दोघांच्या सह्यांनी लिहून घ्या. नोटिशीचे दिवस पत्र लिहिल्यापासून मोजू नका, समोरच्याच्या हाती पडल्यापासून मोजा. एक महिन्याची नोटीस असेल आणि ती ५ सप्टेंबरला मिळाली असेल, तर ३० सप्टेंबरला घर मागणे चूक. ३१ ऑक्टोबर धरा. थोडे दिवस जास्त गेले तरी चालतील. तारीख कमी पडली तर मात्र सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

पत्र लिहिण्याआधी एक फोन करा किंवा प्रत्यक्ष भेटा. आधी बोलणे झाले असेल तर नोटीस ही दुखावणारी गोष्ट राहत नाही. मग पत्र मोजक्या शब्दांत असे लिहावे:

‘आपल्यामध्ये दिनांक (अमुक) रोजी दस्त क्रमांक (अमुक) अन्वये नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराच्या कलम ९ प्रमाणे मी आपणांस एक महिन्याची नोटीस देत आहे. सदनिका क्रमांक (अमुक) वापरण्याचे आपले लायसन्स दिनांक ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी संपेल. त्या दिवशी सायंकाळी सहापर्यंत सदनिका रिकामी करून तिचा ताबा व सर्व किल्ल्या मला द्याव्यात. आपली अनामत रक्कम रुपये ६०,००० यातून थकबाकी व करारानुसार होणारी वजावट वगळून उरलेली रक्कम ताबा मिळताच परत करीन.’

एवढे पुरे. कलमाचा आकडा अर्थातच आपल्या करारातला घाला. करार कारण मागत नसेल तर कारण लिहू नका. शेजाऱ्यांच्या तक्रारी, भिंतीवरचे डाग, उशिरा आलेले भाडे असले विषय या पत्रात आले की वाद तारखेवरून आरोपांवर सरकतो. करारात ज्या नावांनी दोन्ही बाजूंचा उल्लेख आहे तीच नावे वापरा. घर दोघांच्या नावे असेल तर दोघांच्या सह्या हव्यात. मालक परदेशात असेल आणि पुण्यातला भाऊ किंवा आई व्यवहार पाहत असेल, तर त्यांच्याकडे तसे मुखत्यारपत्र असले पाहिजे.

पोहोचवण्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण पुढे वाद झाला तर पहिला प्रश्न हाच येतो की नोटीस मिळाली का. हातोहात दिली तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्या. शिवाय टपालानेही पाठवा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. म्हणून काउंटरवर नोंदणीची सोय आणि पोहोच वेगळी मागा. पावती, ट्रॅकिंगची नोंद आणि पोहोच एकाच पाकिटात ठेवा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून लिफाफा परत आला तर तो फोडू नका, तसाच बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो अवश्य पाठवा, पण टपालाच्या जोडीला, टपालाऐवजी नव्हे.

नोटिशीची मुदत संपल्यावर पैसे घेताना जपा. पुढच्या महिन्याचे भाडे नेहमीसारखे खात्यात आले आणि आपण काहीच बोललो नाही, तर करार चालूच ठेवला असा अर्थ समोरचा लावू शकतो. त्याच दिवशी लेखी कळवा की ही रक्कम ताबा न दिल्याबद्दलच्या भरपाईपोटी, सर्व हक्क राखून स्वीकारली आहे.

आणि तरीही घर रिकामे झाले नाही तर? कुलूप बदलू नका, पाणी तोडू नका, वीज बंद करू नका, सामान जिन्यात काढू नका. भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ची स्पष्ट मनाई आहे, आणि लायसन्सवरच्या माणसालाही बळाने बाहेर काढण्याचा अधिकार मालकाला नाही. घरात म्हातारी माणसे, लहान मुले असतात. त्यांचे पाणी तोडणे हा गुन्हा नसता तरी करू नये.

ताबा मिळवण्यासाठी याच कायद्याने चांगला रस्ता दिला आहे. राहत्या घराच्या लायसन्सची मुदत संपली की कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. लेखी करारात जे नमूद आहे ते तिथे निर्णायक पुरावा मानले जाते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई देण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते. ही तरतूद त्याला आधीच, धमकीच्या सुरात नव्हे तर माहिती म्हणून सांगितली, तर बऱ्याचदा तेवढ्यावर काम होते. अर्जाला मात्र वकिलाची मदत घ्या, विशेषतः करार मुदतीच्या मध्येच संपवला असेल तर.

ताब्याच्या दिवशी दोघांनी मिळून खोल्या फिरून पाहा. विजेच्या मीटरचा फोटो काढा, सोसायटीची थकबाकी विचारा, नळ आणि गीझर चालवून बघा. नेहमीच्या वापराने रंग उडाला असेल तर त्याचे पैसे कापू नका, करारात रंगाची वेगळी अट असेल तरच कापा. मग ताबा पावती करा: तारीख, मीटरचा आकडा, किल्ल्यांची संख्या, वजावटीचा तपशील, परत दिलेल्या डिपॉझिटचा व्यवहार क्रमांक, खाली दोघांच्या सह्या. डिपॉझिटची रक्कम तिथेच, त्यांच्यासमोर ट्रान्सफर करा. पुढच्या घरमालकाला डिपॉझिट द्यायला त्यांना तेच पैसे लागणार असतात.