पेट्रोलची गाडी की विजेची? हिशेब किलोमीटरवर मांडा



ऊस बिले जमा झाली की गट कार्यालयात खोडव्याच्या खताची चौकशी होते, तशी अलीकडे गाडीचीही होऊ लागली आहे. "साहेब, विजेची गाडी घ्यावी का? पेट्रोल काही परवडत नाही." आमच्या गटातील दोन सभासदांनी अशा गाड्या घेतल्या. एकाला गाडी लागते ती लग्नकार्याला, बाजाराला आणि तालुक्याच्या कामाला. वर्षाचे ५ हजार किलोमीटर. दुसऱ्यांचा मुलगा औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. जाऊन-येऊन रोज ७० किलोमीटर, म्हणजे वर्षाचे २१ हजार. पहिल्यांनी घेण्याआधी आम्हाला विचारले होते आणि आम्हीही "घ्या की, चांगली आहे" असे बोलून गेलो होतो. हिशेब न करता बोललो, ही चूक आमची.

आता वही-पेन्सिल घ्या. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, आपापले घालून पाहावेत. एकाच आकाराच्या दोन गाड्या. पेट्रोलची रस्त्यावर येईतो साडेनऊ लाख, विजेची साडेबारा लाख. फरक ३ लाखांचा. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्केच आहे. पण लहान पेट्रोल गाडीचाही २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे पेट्रोलची गाडी स्वस्त झाली.

पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि आपल्या रस्त्यांवर १५ किलोमीटरचे अॅव्हरेज धरले, तर किलोमीटरला ७ रुपये. विजेची गाडी मीटरवरच्या एका युनिटला सुमारे ६ किलोमीटर जाते. इथे बरेच जण फसतात. विक्रेता शंभर युनिटांच्या आतला दर सांगतो, पण घरचा वापर आधीच नव्वद युनिटांचा असतो. गाडीची युनिटे त्यावर चढतात आणि ती पुढच्या टप्प्यात, जवळजवळ दुप्पट दराने, पडतात. म्हणून शुल्कासह १२ रुपये युनिट धरा. किलोमीटरला २ रुपये. बचत ५ रुपये.

आता पहिले सभासद. ५ हजार किलोमीटरला बचत २५ हजार. जादा ३ लाखांवर ९ टक्क्यांनी व्याज २७ हजार. म्हणजे बचतीतून व्याजही सुटत नाही, मुद्दल तर दूरच. त्या पैशात आडसालीच्या रानावर ठिबक करायचे त्यांच्या मनात होते, ते राहून गेले. हे त्यांनी सांगितले तेव्हा आम्हाला खाली बघावे लागले.

दुसऱ्यांची बचत १ लाख ५ हजार. व्याज वजा जाता ७८ हजार उरतात, चार वर्षांच्या आत जादा रक्कम वसूल. आठ वर्षांचा काळ धरून आम्ही मांडले तेव्हा बरोबरी सुमारे १३ हजार किलोमीटरवर येते, म्हणजे रोजचे पस्तीसेक. यात दोन्ही गाड्यांची मोडीत विक्री सारखी धरली आहे, आणि ऑइल-फिल्टरची जी बचत ती जादा विम्यात गेली असे समजलो आहोत.

हे सारे घरी चार्जिंग केले तर. रस्त्यावरच्या चार्जरला करासह २४ रुपये युनिट पडले, तर बचत ३ रुपयांवर येते आणि बरोबरी थेट साडेएकवीस हजारांवर जाते. छतावर सौर पॅनेल असतील तर उलट फायदा.

काही जण विचारतात, मोटारीच्या खोलीतून वायर ओढली तर? शेतीपंपाची वीज फुकट आहे ना! ती पंपाला आहे. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. घरी मात्र अर्थिंग नीट करून, मंजूर भार तपासूनच स्वतंत्र प्लग बसवावा. पावसाळ्यात ही हयगय अंगाशी येते.

बॅटरीची धास्ती पुष्कळांना आहे. बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. ताकद किती टक्क्यांखाली गेली म्हणजे बदलून मिळेल, ते लेखी घ्यावे. तोंडी हमीला अर्थ नाही.

आपल्यापैकी काहींनी टोला मारला, की इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचा माणूस विजेच्या गाडीचे कसे सांगतो? खरे आहे, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल जाते, त्यात उसाचाही वाटा आहे. पण सहवीज प्रकल्पांत बगॅसवर वीजही तयार होते. गाडी कुठलीही घ्या, ऊस कुठे ना कुठे आहेच!

गाडी घेण्याआधी सहा महिने आपले किलोमीटर वहीत लिहावेत. वही घेऊन सोमवारी गट कार्यालयात यावे, हिशेब सोबत बसून करू.