रंग पक्का, पण पाण्याचे काय?

कापडाचा माल घेताना आपण दोनच गोष्टी विचारतो. भाव काय, आणि रंग पक्का आहे ना? रंगाचे उरलेले पाणी कुठे गेले, हे मीही कित्येक वर्षे विचारले नाही.

हिशेब सोपा आहे. वाई, माहुली, कऱ्हाडवरून आलेली कृष्णा सांगलीला पोहोचते आणि तेच पाणी आपण पितो. सांगलीत शेरी नाल्याचे सांडपाणी वर्षानुवर्षे नदीत मिसळत आले. ते उचलून धुळगावला नेऊन, शुद्ध करून शेतीला देण्याची योजना आखली गेली. मैल्याच्या पाण्याला हा उपाय चांगला आहे, कारण मैला जिवाणू खातात. धातू मात्र कुजत नाही. तो गाळात बसतो किंवा पाण्याबरोबर शेतात जाऊन मातीत साठतो.

हे धातू येतात कुठून? काही फिरोजी रंगांत तांबे असते. लोकर रंगवण्याच्या जुन्या पद्धतीत बायक्रोमेट, म्हणजे क्रोमियम, लागते. मुलामा देणाऱ्याच्या पिंपात निकेल, जस्त, क्रोमियम असते. बॅटरी दुरुस्तीत शिसे. यातील शिसे मुलांच्या मेंदूला घातक आहे. बायक्रोमेटमधील क्रोमियमने कातडीला जखमा होतात आणि त्याच्या वाफेने फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. पहिला मार कारागिरालाच बसतो.

कायद्याने सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, नदीत सोडताना ०.१, आणि पिण्याच्या पाण्यात ०.०१. म्हणजे गटाराला पिण्याच्या पाण्याच्या शंभरपट सूट. ती पुढे शुद्धीकरण होईल या भरवशावर आहे.

म्हणून काम कारखान्यातच व्हावे:

१) रंग व रसायन मोजून घ्यावे. वाया गेलेला रंग हा पैसाच आहे.

२) धातूचे पाणी वेगळ्या टाकीत ठेवावे, धुण्याच्या पाण्यात मिसळू नये.

३) जाणकाराच्या देखरेखीखाली क्रोमियमचे पाणी आधी आम्ल व हिराकस घालून सौम्य करावे, मग चुना घालावा. धातू तळाला बसतो.

४) तो गाळ उकिरड्यावर टाकू नये. प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या ठिकाणीच द्यावा.

यात खर्च आहे, आणि तो एकट्या रंगरेजावर टाकणे बरोबर नाही. आम्ही व्यापाऱ्यांनी भावात दोन पैसे सोडले तरच तो चुना घालील. पुढच्या खरेदीला तिसरा प्रश्न विचारा: पाणी कुठे सोडता?