इंटरनेट दोन, पत्ता विचारायचा कुणाला?

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी बडोद्यातल्या वस्त्यांत शिरलं. त्यानंतर आमच्या दांडिया बाजारातल्या घरी फायबरच्या जोडीला सिमकार्डवरचं दुसरं इंटरनेट घेतलं. एक बंद पडलं की राउटर आपोआप दुसऱ्यावर जायचा. जायचाही, पण संकेतस्थळ एकही उघडेना. आकडी पत्त्याला पिंग केलं की मात्र लगेच उत्तर!

घोटाळा डीएनएसमध्ये होता. कोणतंही संकेतस्थळ उघडण्याआधी त्याच्या नावाचा आकडी पत्ता डीएनएस सर्व्हरला विचारावा लागतो. आमच्या राउटरमध्ये फायबर कंपनीचा सर्व्हर भरलेला होता, आणि असे सर्व्हर बहुधा आपल्याच ग्राहकांना उत्तर देतात. तोच प्रश्न सिमच्या वाटेने गेला की परक्याचा ठरतो. विकणारे ‘दोन लाइन चालतात’ एवढंच सांगतात. हे कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते पहिल्यांदा हेच सांगायला हवं.

म्हणून प्रत्येक लाइनला तिचा डीएनएस बांधून द्या. फायबरला १.१.१.१, सिमला ८.८.८.८, आणि त्या त्या पत्त्याचा स्टॅटिक रूट त्याच लाइनवर. दोन्ही सर्व्हर सर्वांना खुले आहेत, त्यामुळे परकेपणाचा प्रश्नच उरत नाही. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी असेल तर त्यातल्या डीएनएसमास्कला आणखी बारीक सांगता येतं: अमुक डोमेनची चौकशी अमुक सर्व्हरकडे, अमुक लाइनने. घरून काम करणाऱ्यांनी ऑफिसच्या अंतर्गत नावांची चौकशी व्हीपीएनमधून ऑफिसच्याच सर्व्हरकडे पाठवावी. बाहेरच्या सर्व्हरला ती नावं ठाऊक नसतात.

एक पथ्य पाळाच. ज्या लाइनने पत्ता विचारला, त्याच लाइनने पुढची वाहतूकही जाऊ द्या. व्हिडिओच्या मोठ्या सेवा चौकशी कुठून आली ते पाहून जवळचा सर्व्हर सुचवतात. पत्ता एकीकडून आणि व्हिडिओ दुसरीकडून, असं झालं तर लांबचा सर्व्हर वाट्याला येऊन चित्र अडखळू शकतं.

फोनही तपासा. अँड्रॉइड ९ पासून ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे. तिथे एखाद्या सेवेचं नाव भरलेलं असेल तर तो फोन राउटरचे नियम जुमानत नाही.

हे सगळं झालं की निवांत वेळी फायबरची वायर काढा आणि त्या दिवशी अजून एकदाही न उघडलेलं संकेतस्थळ उघडून पाहा. रोजचं उघडू नका. त्याचं जुनं उत्तर साठवलेलं असतं आणि बिघाड झाकला जातो.