सांध्यातील कूर्चा आणि प्रथिनांचा विद्युतप्रभार

"गुडघ्यातलं वंगण संपलं," हे वाक्य आमच्या अस्थिरोग बाह्यरुग्ण विभागात नित्य कानी पडते. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून येणाऱ्या, कापसाच्या वेचणीत आणि खुरपणीत आयुष्य गेलेल्या स्त्रिया ते उच्चारतात आणि पाठोपाठ सोबतच्या नातेवाइकांची विनंती येते, "डॉक्टर, एकच इंजेक्शन द्या, पण टिकेल असं द्या." या विनंतीतील 'टिकेल' हा शब्द संधिरोगाच्या अभ्यासातील एका मूलभूत प्रश्नाला भिडणारा आहे. सांध्यात सोडलेले औषध तेथे का टिकत नाही, या प्रश्नाची शास्त्रीय बाजू आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त यांच्यापुढे मांडावी, असे आम्हांस वाटले.

गुडघ्याच्या हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचे, गुळगुळीत, मोतिया रंगाचे अस्तर असते. यास कूर्चा म्हणतात. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून झिरपणाऱ्या घटकांवरच चालते. कूर्चेच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग पाणीच असते. उरलेल्या भागात कोलॅजनच्या तंतूंचे जाळे आणि त्यात अडकलेले ॲग्रिकॅन नावाचे शर्करायुक्त प्रथिन हे मुख्य घटक होत. ॲग्रिकॅनच्या शर्करासाखळ्यांवर ऋण विद्युतप्रभार दाटीने बसलेले असतात. ते एकमेकांना दूर लोटतात, पाणी ओढून धरतात आणि त्यामुळेच कूर्चा शरीराचा भार पेलू शकते. गुडघ्याची उशी ती हीच. लोक ज्याला वंगण म्हणतात तो द्रव निराळा.

प्रथिनांनाही स्वतःचा विद्युतप्रभार असतो आणि तो भोवतालच्या आम्लतेनुसार बदलतो. याचा अनुभव प्रत्येक गृहिणीस आहे. दुधातील केसिन या प्रथिनावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे त्याचे कण परस्परांपासून अलग राहतात. तापल्या दुधात लिंबू पिळले की आम्लता वाढते, हा प्रभार नाहीसा होतो आणि कण एकत्र येऊन दूध फाटते. सांध्यातील आम्लता दुधाइतकी बदलत नाही. परंतु तेथे येणारे प्रथिन धन प्रभाराचे आहे की ऋण, यावर त्याचे भवितव्य ठरते. ऋण प्रभाराच्या प्रथिनास कूर्चा दूर लोटते. मग ते सांध्याच्या द्रवातच राहते आणि लसीकावाहिन्यांवाटे लवकर निघून जाते. धन प्रभाराचे प्रथिन मात्र कूर्चेत ओढले जाते.

हे आकर्षण प्रथम रोगाच्या बाजूने लक्षात आले, ही गोष्ट आम्हांस विशेष उद्बोधक वाटते. नेदरलँड्समधील नायमेखन येथील संशोधकांनी 1985 मध्ये उंदरांच्या गुडघ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन हे मुळात ऋण प्रभाराचे प्रथिन. रासायनिक प्रक्रियेने त्यास धन प्रभार दिला असता ते कूर्चेत खोलवर शिरले आणि तेथेच राहिले. ज्या उंदरांच्या शरीरास त्या प्रथिनाविरुद्ध आधीच संवेदनशील केले होते, त्यांच्यात अशा मुक्काम ठोकलेल्या प्रथिनाने सांध्याचा दाह दीर्घकाळ पेटता ठेवला. परक्या प्रथिनाने कूर्चेत ठाण मांडले, तर शरीराची संरक्षणयंत्रणा तेथे पुन्हा पुन्हा धाव घेते.

हेच आकर्षण औषधाच्या कामी लावता येईल, असा विचार पुढे झाला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत 2014 मध्ये झालेल्या प्रयोगांत कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातील ॲव्हिडिन हे धन प्रभाराचे प्रथिन वापरले गेले. आकाराने तेवढेच, परंतु प्रभार जवळजवळ नसलेले त्याचेच रूप तुलनेस घेतले. गुरांच्या कूर्चेच्या तुकड्यांत ॲव्हिडिन 400 पट अधिक शोषले गेले आणि शोषलेल्यापैकी 90 टक्क्यांहून अधिक किमान 15 दिवस तेथेच राहिले. विशेष म्हणजे येथे एकही बंध बळकट नव्हता. प्रत्येक पकड दुर्बळ, पण पकडीच्या जागा अगणित. एक सुटते तोच शेजारची धरते. म्हणूनच ते प्रथिन खोलवर सरकतही राहते आणि बाहेरही पडत नाही. प्रभार फार वाढविला, तर ते पृष्ठभागाशीच अडकून बसते. आकाराचीही मर्यादा आहे: सुमारे 10 नॅनोमीटरहून मोठे कण आत शिरत नाहीत.

याच तत्त्वावर 2018 मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांच्या गुडघ्यांत एका वाढ-घटकास धन प्रभाराच्या सूक्ष्म वाहकाशी जोडण्यात आले. त्याचा सांध्यातील मुक्काम 10 पट लांबला आणि तो 30 दिवसांपर्यंत तेथे आढळला.

या संशोधनातील सर्वांत महत्त्वाची बाब अद्याप सांगावयाची आहे. संधिवाताच्या झिजेत आरंभीच ॲग्रिकॅन नष्ट होऊ लागते. म्हणजे ज्या ऋण प्रभाराच्या आधारावर औषध टिकावयाचे, तोच ओसरतो. ऋण प्रभाराचे गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेतून देऊन एमआरआय तपासणी केली असता, निरोगी कूर्चा त्यास दूर ठेवते, तर प्रभार गमावलेल्या भागात ते शिरते; झीज डोळ्यांस दिसण्यापूर्वी ती ओळखण्याची ही एक पद्धत आहे. उद्या असे औषध हाती आले, तरी हाडावर हाड घासू लागलेल्या गुडघ्यात त्यास धरून ठेवण्याजोगी कूर्चाच उरलेली नसेल.

यांपैकी कोणतेही औषध आज आमच्या औषधकक्षात नाही, हे आम्ही आप्तांना स्पष्टपणे सांगतो. सांध्यात दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने काही आठवडे वेदना कमी होते, परंतु ते वारंवार घेण्याचा आग्रह आम्ही मान्य करीत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ट्रायॅमसिनोलोन घेतलेल्या रुग्णांची कूर्चा मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा अधिक घटली आणि वेदनेत मात्र फरक पडला नाही. गावोगावी 'गुडघ्यात सुई' देणाऱ्यांकडे चार-सहा फेऱ्या झाल्यावर रुग्ण आमच्याकडे येतो, तेव्हा पुष्कळदा शस्त्रक्रियेखेरीज फारसे काही सुचविता येत नाही. म्हणून चाळिशीच्या सुमारास, जिना उतरताना किंवा उकिडवे बसून उठताना गुडघा दुखू लागला की त्याच वेळी रुग्णास घेऊन यावे. वजनाचा ताळेबंद, मांडीच्या पुढील स्नायूंचे व्यायाम, खुरपणीस बसण्यासाठी लहानसे स्टूल, एवढ्याने त्या अवस्थेत पुष्कळ साधते. हे व्यायाम आमच्या भौतिकोपचार कक्षात रुग्णासोबत आलेल्या सुनेस किंवा मुलासही शिकविले जातात; घरी ते करवून घेणारे कोणी असले तर रुग्ण ते सोडीत नाही.