त्वचेचा पाठ आणि स्पर्शाची परीक्षा

पृष्ठवंशीय प्राण्यांच्या त्वचेचा पाठ बहुधा फळ्यावरील आकृतीने सुरू होतो. बाहेरची बाह्यत्वचा, तिच्याखाली रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेली अंतस्त्वचा, एवढे सांगण्यापुरती आकृती पुरेशी आहे. पुढील पाठ मात्र प्रत्यक्ष वस्तूंवरून घ्यावा.

मीरा-भाईंदरच्या शिक्षकाला त्या दूर शोधाव्या लागत नाहीत. उत्तनच्या किनाऱ्यावरून बोय आणि मुशी हे दोन मासे आणवावेत. बोय माशाचा खवला नखाने निघतो. तो पातळ हाडासारखा असून अंतस्त्वचेत तयार झालेला असतो. मुशीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरविल्यास कानशीसारखी खरखर लागते, कारण तिचे सूक्ष्म खवले रचनेने दातांसारखेच असतात. सापाचे खवले याहून निराळे. ते बाह्यत्वचेचे, केराटिन या द्रव्याचे असतात. म्हणून टाकलेल्या कातीवर त्यांची नक्षी जशीच्या तशी दिसते. शब्द एक आणि वस्तू निराळ्या, त्यामुळे येथे मुलांचा हमखास घोटाळा होतो. कोंबडीचे पीस, म्हशीचे केस व माणसाचे नख हीही केराटिनचीच. बेडूक ओलसर त्वचेतून श्वसन करतो. त्याच्यावर मीठ टाकण्याचा क्रूर खेळ कोणी खेळत असल्यास तो तत्काळ थांबवावा.

मिठागरात ऊन पाणी आटविते व मीठ मागे ठेविते. सदऱ्याच्या पाठीवर वाळलेल्या घामाचे पांढरे डाग त्याच रीतीने पडतात. घामाचे पाणी वाफ होताना अंगातील उष्णता घेऊन जाते, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

स्पर्शज्ञानाकडे शाळेत फारसे लक्ष दिले जात नाही. डोळे मिटून, कापसाची वात हाताला कोठे लागली ते मुलांनी बोटाने दाखवावे. एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट वा लालसर चट्टा असून तेथे वात लागल्याचे कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. या रोगाचे जंतू नॉर्वेतील हॅन्सेन यांनी 1873 साली शोधले. ते त्वचेतील मज्जातंतूंवर आघात करतात, म्हणून बधिरता येते. प्रत्येक फिकट डाग कुष्ठरोगाचा नसतो. निदान डॉक्टरांचे आहे, शिक्षकाचे नव्हे. वर्गात त्याचा उच्चार करू नये, मुलाला वेगळे बसवू नये. पालकांना एकांतात सांगून त्याला आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे औषध विनामूल्य मिळते. रोगाच्या प्रकाराप्रमाणे ते 6 किंवा 12 महिने घ्यावयाचे असते, आणि त्या काळात मुलाची शाळा चालू राहावी.